साहेबांना विचारा

दुपारची वेळ होती, स्टेशनवर गर्दी नव्हती आणि जुन्या पादचारी पुलाच्या खांबापाशी एक माणूस उकिडवा बसून हातोडीनं खांब वाजवत होता. अंगात नारिंगी जाकीट, कानामागे न पेटवलेली बिडी, शेजारी रिकामं पोतं. तीन-चार ठोके मारायचा, थांबायचा, मान कलती करायचा, वीतभर वर सरकायचा, की पुन्हा तीन-चार ठोके. एका जागी आवाज बदलला. तो मलाही कळला. आधीचे ठोके टणटणीत होते, हा बद्द होता. त्यानं खिशातून खडू काढला, तिथे एक वेडावाकडा गोल काढला आणि पुढे सरकला. गाडीला वेळ होता, म्हणून मी जवळ गेले. "काय तपासताय, दादा?" "आवाज घेतोय," तो म्हणाला. "कसला?" "भरीव हाय का पोकळ." "मग हा गोल?" "पोकळ." "म्हणजे धोका आहे का?" त्यानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर त्रासही नव्हता आणि काळजीही नव्हती. "ते साहेबांना विचारा, मॅडम. आपण फकस्त खुणा करतो."

गाडी आली आणि मी चढले. दारातून वळून पाहिलं, तर कॉलेजातला एक मुलगा नेमका त्याच खांबाला पाठ लावून मोबाइल बघत उभा होता. पुढच्या आठवड्यात तिथून गेले तेव्हा गोल अर्धेअधिक पुसले गेले होते. पाऊस पडलेला नव्हता. लोकांच्या पाठींनी पुसले होते.

तेव्हापासून डोक्यात जे किडा होऊन बसलंय ते त्या खांबाबद्दल नाही. खांब कदाचित ठणठणीत असेल, वरचा गिलावा तेवढा सुटला असेल. त्या माणसाला काहीतरी कळलं होतं. साहेबाला त्याहून जास्त कळलं असेल, ते कुठल्या तरी तक्त्यात गेलंही असेल. पाठ टेकून उभ्या असलेल्या त्या पोराच्या शर्टाला मात्र नुसता खडू लागला.

माझ्या चुलत्यांना, आप्पांना, हा आवाज ओळखता यायचा. ते बांधकामावर मुकादम होते आणि निवृत्तीनंतरही त्यांची ती खोड गेली नाही. आमची चाळ गिरणगावात, टेकूंवर उभी. आधी लाकडी बल्ल्या होत्या, नंतर लोखंडी आले. टेकू म्हणजे तात्पुरता आधार, पण आमचे टेकू माझ्यापेक्षा वयानं मोठे होते. त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत, गणपतीत पताका लागत, आणि लपाछपीत राज्य असलेली मुलं त्यांच्यावरच डोकं टेकवून शंभरपर्यंत आकडे मोजत. पहिला मोठा पाऊस झाला, की आप्पा काठी घेऊन गॅलरीतून फिरायचे. भिंतीला, खांबाला, जिन्याच्या कठड्याला काठीचं टोक मारायचे आणि पुढे जायचे. जिन्याजवळची भिंत वाजवली, की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "भावोजी, काय म्हणतेय?" आप्पांचं ठरलेलं उत्तर असे, "अजून बोलतेय. गप्प झाली की सांगतो."

एका पावसाळ्यात त्यांनी सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या टोकाला मुलांनी खेळायचं नाही, पाण्याची पिंपं तिथून हलवायची, आणि तिथे एका वेळी दोघांहून जास्त माणसांनी उभं राहायचं नाही. कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. हा अहवाल पाच मिनिटांत शेवटच्या खोलीपर्यंत पोचला, कारण चाळीत बातमी त्याच गतीनं जाते. बायकांनी कुरकुर केली, पिंपं हलली. गॅलरी पडली नाही. आप्पा बरोबर होते की उगाच घाबरट, हे कधीच कळलं नाही आणि कुणाला कळून घ्यायचंही नव्हतं.

हिमालय पुलावरून मी कैक वर्षं गेले. ऑफिस धोबी तलावाच्या बाजूला होतं, त्यामुळे सीएसएमटीला उतरून एक नंबर प्लॅटफॉर्मच्या अंगानं बाहेर पडायचं, पूल चढायचा, खालचा डी. एन. रोड ओलांडायचा आणि टाइम्सच्या इमारतीशेजारच्या गल्लीत उतरायचं. या पुलाला हिमालय हे नाव होतं हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. २६ नोव्हेंबर २००८ नंतर लोक त्याला कसाब पूलच म्हणायला लागले, कारण स्टेशनातला गोळीबार आटोपून दहशतवादी कसाब आणि त्याचा साथीदार याच पुलावरून कामा हॉस्पिटलच्या दिशेनं गेले होते. असलं नाव घेताना जीभ अडखळायला हवी, पण नाही अडखळायची. "कसाब पुलाखाली भेट, तिथे सरबतवाला उभा असतो," असं आम्ही सहज बोलायचो. या शहरात ठिकाणांना नावं अशीच पडतात आणि मग ती नावं कशानं पडली ते कुणी आठवत बसत नाही.

सकाळी पुलावर चढलं की खालून बसचा धूर आणि तापलेल्या डांबराचा वास एकदम वर यायचा. पायाखाली फरशा होत्या. मधोमध गेलं की, विशेषतः खालून डबलडेकर जाताना, तळपायाला बारीक कंप जाणवायचा. मी त्याकडे कधी लक्ष दिलं नाही. दिलं असतं तरी काय कळणार होतं? माझी एक मैत्रीण स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ती म्हणते, पूल हलतो याचा अर्थ काहीतरी बिघडलंय असाच होत नाही. पादचारी पूल थोडे हलतातच, लोखंडाला तेवढी लवचीकता असतेच. घात होतो तो बहुतेक वेळा न हलणाऱ्या, न दिसणाऱ्या जागी. काँक्रीटच्या आत सळई असते, तोवर ती सुरक्षित असते, कारण काँक्रीट तिच्याभोवती गंज चढू देत नाही. पण समुद्राकाठची खारी हवा आणि फरशांच्या सांध्यातून झिरपणारं पावसाचं पाणी वर्षानुवर्षं आत जात राहतं. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलायला लागतो. आधी केसाएवढी भेग, मग फुगवटा, मग पोपडा. हातोडीला जो बद्द आवाज येतो तो या सुटलेल्या थराचा. आणि या सगळ्यावर आपण काय करतो? नवी फरशी बसवतो. दिसायला छान, पण भेग झाकली जाते आणि वजन वाढतं. "डागडुजी आणि सुशोभीकरण हे शब्द एकाच निविदेत दिसले की माझ्या पोटात गोळा येतो," असं ती म्हणाली होती, आणि तेव्हा मी हसले होते.

१४ मार्च २०१९, गुरुवार. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला त्या पुलाची मधली लादी लोकांसकट खाली रस्त्यावर आली. मी त्या दिवशी नेहमीपेक्षा थोडी आधीची गाडी पकडली होती, विशेष काही कारण नव्हतं. बायकांच्या डब्यात नेहमीचं चाललं होतं. कुणी मटार सोलत होतं, कुणाचं हळदीकुंकवाच्या वाणावरून बिनसलं होतं. मग एक फोन वाजला. मग दुसरा. मग एकाच वेळी पाच-सहा. सगळ्याजणी एकच वाक्य बोलत होत्या, "मी गाडीत आहे. अगं, मी गाडीत आहे." माझाही वाजला. मीही तेच बोलले. कुठला पूल, काय झालं, हे डब्याला नंतर कळलं. आपण जिवंत असल्याची खबर द्यायची आहे एवढं आधी कळलं. मटार सोलणारी बाई मटार सोलतच राहिली, पण शेंगा आणि दाणे एकाच पिशवीत टाकत होती.

सात जीव गेले, तीसेक माणसं जखमी झाली. जखमींना सेंट जॉर्जमध्ये आणि जी. टी. हॉस्पिटलमध्ये नेलं. गेलेल्यांपैकी तिघी त्याच जी. टी. हॉस्पिटलच्या परिचारिका होत्या, रात्रपाळीसाठी निघालेल्या. त्यांच्याबद्दल पेपरात आलं तेवढंच मला माहीत आहे आणि त्याहून जास्त रंगवायची माझी तयारी नाही. पण एक गोष्ट पाठ सोडत नाही.

त्या रात्री वॉर्डात त्यांची पाळी कुणीतरी केलीच असणार.

टीव्हीवर पहिले काही तास एकाच प्रश्नावर गेले, पूल कुणाचा? रेल्वे म्हणाली महापालिकेचा. स्टेशनला लागून आहे म्हणजे रेल्वेचा, असं दुसरीकडून कुणी म्हणालं. खाली ॲम्ब्युलन्स येत-जात असताना वर स्टुडिओत मालकी हक्काचा वाद चालला होता. पूल पालिकेचाच निघाला. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या नातेवाइकांना पाच लाख आणि जखमींना पन्नास हजार जाहीर केले. लोकसभेची आचारसंहिता नुकतीच लागली होती, त्यामुळे कुठलाही पक्ष शोक व्यक्त करायला चुकला नाही. आणि दुसऱ्या दिवशीपासून सगळ्यांच्या तोंडी एक गोष्ट होती ती सिग्नलची. लादी पडली तेव्हा खालचा सिग्नल लाल होता, गाड्या थांबलेल्या होत्या, म्हणून खूप माणसं वाचली. खरंच वाचली असतील. पण हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितकी माझी चिडचिड वाढत गेली. कुणाच्याही कामाचा भाग नसलेली, निव्वळ योगायोगानं घडलेली एक गोष्ट आम्ही अशा समाधानानं सांगत होतो, जणू तिची तरतूद केलेली होती.

आणि मग ऑडिट. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं. आदल्याच वर्षीच्या अहवालात पूल वापरायला योग्य ठरला होता, फक्त किरकोळ दुरुस्ती सुचवलेली होती. दुर्घटनेनंतर काही दिवसांत ऑडिट करणाऱ्या फर्मच्या प्रमुखाला अटक झाली, पालिकेच्या काही अभियंत्यांवरही कारवाई झाली. पुढे कोर्टात जे व्हायचं ते होईल, मी न्यायाधीश नाही. मला सलतं ते वेगळंच. तो अहवाल अस्तित्वात होता, कुठल्या तरी कपाटात होता, आणि रोज पुलावरून जाणाऱ्या हजारो माणसांपैकी एकालाही तो असल्याचं माहीत नव्हतं. माहीत असता तरी त्यात 'योग्य' असंच लिहिलेलं होतं, हे खरं. पण निदान कुणीतरी विचारलं असतं, की किरकोळ दुरुस्ती सुचवली होती ती झाली का? कुठल्या गर्डरची? पूल खालून, शिडी लावून बघितला का, की वरूनच? रोज जाणाऱ्या माणसाकडे एक गोष्ट असते जी तपासनिसाकडे नसते. तो तिथे रोज असतो. कालपर्यंत नसलेली भेग आज आहे हे त्यालाच दिसतं. ते सांगायचं कुणाला आणि सांगितलं तर लिहून घेणार कोण, याची मात्र काही सोय नाही.

हे लिहिताना जाणवतंय, की मी मुंबईच्या लोकांवर जरा जास्तच घसरतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाचा उरलेला भाग उतरवलेला होता, खालून रस्ता सुरू होता, आणि मी त्या रस्त्यावरून ऑफिसला गेले. सगळेच गेले. 'मुंबई स्पिरिट' हा शब्द ऐकला की हल्ली अंगावर पाल पडल्यासारखं होतं, पण खरं सांगायचं तर त्या सकाळी त्या गर्दीचा मला आधारही वाटला होता. मान खाली घालून भराभर चालणारी, एकमेकांना धक्के न मारणारी गर्दी. काही जण वर बघत होते. वर आता नुसतं आकाश होतं आणि पलीकडे स्टेशनचा घुमट. हजेरी चुकली तर पगार कापला जाणाऱ्या माणसानं शोक कुठल्या वेळात करायचा? याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

त्याचं एक उत्तर मला साडेपाच वर्षांनी भलत्याच देशातून मिळालं.

१ नोव्हेंबर २०२४, सर्बियातलं नोवी साद नावाचं शहर. तिथल्या रेल्वे स्टेशनच्या दर्शनी भागावर, प्रवेशद्वाराच्या वर, काँक्रीटचं लांबलचक छत पुढे आलेलं होतं. १९६४ सालची इमारत. काही वर्षं तिचं नूतनीकरण चाललं होतं आणि त्याच वर्षीच्या जुलैत ती पुन्हा थाटात सुरू झाली होती. सीसीटीव्हीचं ते चित्रण तुमच्यापैकीही अनेकांच्या मोबाइलवर आलं असेल. मला एका नातेवाइकानं पाठवलं, वर हात जोडलेले दोन इमोजी. स्वच्छ ऊन पडलंय. छताखाली बाकांवर माणसं बसलीत, काही उभी आहेत, कुणी आत जातंय, कुणी बाहेर येतंय. आपल्या कुठल्याही स्टेशनबाहेर दिसेल इतकं साधं दृश्य. मग एका क्षणात ते अख्खं छत खाली येतं, आणि मग फक्त धूळ. मी ते तीनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा लक्षात आलं, की आपण छताकडे बघतच नाही आहोत, बाकांकडे बघतोय. पूल निदान ओलांडायचा असतो, पाय उचलला की संपतो. छत तर माणसाला थांबायला बोलावतं. उन्हापासून, पावसापासून आडोसा म्हणून आपण आपणहून त्याच्याखाली जातो. तिथे सुरुवातीला चौदा माणसं गेली, पुढे जखमींपैकी आणखी दोघं. सर्वांत लहान जीव सहा वर्षांचा होता.

तिथेही पहिली प्रतिक्रिया आपल्या ओळखीचीच होती. नूतनीकरणाच्या कामात हे छत नव्हतंच, असं सांगण्यात आलं. म्हणजे पुन्हा तेच, कुणाचं काय. बांधकाम मंत्र्यांनी राजीनामा दिला. इथपर्यंतची गोष्ट ऐकून मी मनातल्या मनात पुढचं सगळं लिहून टाकलं होतं. चौकशी समिती, नुकसानभरपाई, मग दुसरी बातमी. पण तसं झालं नाही. लोक रस्त्यावर थांबायला लागले. अक्षरशः थांबायला. छत पडलं ती वेळ सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांची. बरोबर त्या मिनिटाला चौकाचौकांत विद्यार्थी रस्त्यात येऊन गप्प उभे राहायचे, आणि जितकी माणसं गेली तितकी मिनिटं. आधी चौदा, मग पंधरा, मग सोळा. घोषणा नाहीत, भाषण नाही. मागे गाड्या थांबलेल्या. त्या गप्प उभ्या असलेल्या मुलांवर एकदा हल्ला झाला, तेव्हापासून विद्यापीठंच्या विद्यापीठं बंद पडली. लाल रंगात बुडवलेल्या पंजाचे ठसे भिंतींवर दिसू लागले. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांना राजीनामा जाहीर करावा लागला. राजधानी बेलग्रेडहून मुलं कडाक्याच्या थंडीत पायी नोवी सादला गेली, आणि तीन पूल अडवून झाल्यावर त्यांना घरी न्यायला बेलग्रेडचे टॅक्सीवाले रांगेनं आले. ही शेवटची गोष्ट वाचली तेव्हा मला आपले काळी-पिवळीवाले आठवले. तेही गेले असते, याची मला खात्री आहे. कुणी बोलावलं असतं तर.

पण मला सगळ्यात जास्त चकित केलं ते त्या मुलांच्या पहिल्या मागणीनं. त्यांनी मागितले कागद. स्टेशनच्या नूतनीकरणाची सगळी कागदपत्रं जाहीर करा. आराखडे, करार, बिलं, कोणत्या दिवशी काय काम झालं त्याच्या नोंदी. सरकारनं काही प्रसिद्ध केली, तर मुलं म्हणाली, ही अपुरी आहेत, बाकीची कुठे आहेत? आणि अभियांत्रिकीची प्राध्यापक मंडळी बसून तो कागदांचा ढीग वाचू लागली. विचार करा, हजारो लोक भर थंडीत रस्त्यावर उभे आहेत आणि मागताहेत काय, तर मोजमापाच्या वह्या. डोकी उडवा म्हणणं सोपं असतं, त्याला अभ्यास लागत नाही. हातोडीवाल्या माणसानं कुठल्या खांबावर खडूचा गोल काढला होता ते दाखवा, असं म्हणणं फार अवघड. एकदा कागद समोर आले, की मग 'आम्हाला काय कळतंय त्यातलं' ही सबब चालत नाही. वाचावं लागतं.

त्या देशात सगळं आलबेल झालं असं मला सुचवायचं नाही. तिथलं राजकारण मला कळतही नाही, आणि लांबच्या लोकांचा संताप नेहमीच आपल्यापेक्षा शुद्ध दिसतो. पण तेव्हापासून मी इथल्या घटना वेगळ्या नजरेनं आठवायला लागले. २७ नोव्हेंबर २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाह स्टेशनवर पादचारी पुलाचा मधला भाग निसटला, प्रवासी थेट खाली रुळांवर पडले. एका शिक्षिकेचा जीव गेला, दहाबारा जण जखमी झाले. मुंबईच्या आवृत्तीत ती बातमी मी आतल्या पानावर वाचली होती आणि चहा संपायच्या आत विसरले होते. त्याआधी जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ सकाळी ऐन गर्दीच्या वेळी रुळांवर पडला. तेव्हा मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी वेळेवर ब्रेक लावले म्हणून लोकल अलीकडेच थांबली. त्यांचं कौतुक झालं, इनाम मिळालं, व्हायलाच हवं होतं. पुन्हा बघा, लक्षात राहिला तो ब्रेक. लाल सिग्नलसारखाच.

हिमालय पूल मार्च २०२३ मध्ये पुन्हा उभा राहिला, आता स्टेनलेस स्टीलचा. मधली चार वर्षं आम्ही खालून रस्ता ओलांडला, शिट्टी वाजवणाऱ्या हवालदाराच्या हाताकडे बघत, हातातली छत्री आणि पर्स सांभाळत. नवा पूल चकचकीत आहे, रुंद आहे, गंजणार नाही म्हणतात. पहिल्यांदा चढले तेव्हा कठड्यावर हात फिरवून पाहिला. गार होता. लोक सेल्फी काढत होते, आणि मला त्यांचा राग आला नाही. पूल ओलांडण्यासाठी असतो, तो रोज दुःखी चेहऱ्यानं ओलांडता येत नाही. गेलेल्या माणसांच्या नावाची पाटी मला तिथे कुठे दिसली नाही, पण पाटीपेक्षाही मी दुसरंच काहीतरी शोधत होते. लिफ्टमध्ये नाही का, शेवटची तपासणी कधी झाली त्याचा कागद काचेमागे लावलेला असतो? आठ माणसं उचलणाऱ्या पेटीसाठी तो लागतो. तसा एखादा कागद पुलाच्या पहिल्या पायरीपाशी. तपासणीची तारीख, कुणी केली, काय निघालं, काय दुरुस्त करायचंय, कधीपर्यंत. मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात. मैत्रिणीला हे बोलले तर ती म्हणाली, "लोक घाबरतील." मी म्हटलं, "आमच्या चाळीतले घाबरले होते. पिंपं हलवली त्यांनी." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, चाळीत पिंपं हलवता येतात गं, साडेसातची गर्दी कुठे हलवशील? तिचं म्हणणंही खोटं नाही. पूल बंद केला तर त्या लोंढ्याला दुसरी वाट हवी, नाहीतर चेंगराचेंगरी व्हायची. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर तेवीस माणसं गेली तेव्हा काहीच पडलं नव्हतं, जागाच पुरली नव्हती. आमचं बोलणं तिथेच अर्धवट राहिलं, अजूनही आहे.

शेवटी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. आमच्या स्टेशनवरच्या पुलाच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल, त्यात सुचवलेल्या दुरुस्त्या, आणि त्यांपैकी झालेल्या दुरुस्त्यांची यादी मागितली. शुल्क दहा रुपये. काही आठवड्यांनी एका कार्यालयातून पत्र आलं, की सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नसल्यानं अर्ज कलम ६(३) अन्वये दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे. दुसऱ्या कार्यालयानं पुलाचा कोणता भाग अभिप्रेत आहे ते स्पष्ट करावं, असं कळवलं. रुळांवरचा भाग एकाचा, बाहेर उतरणाऱ्या पायऱ्या दुसऱ्याच्या. तो पूल मी रोज एका दमात चढते आणि उतरते, कुठे एक हद्द संपून दुसरी सुरू होते ते मला कधी जाणवलेलं नाही. मी अपील केलंय.

परवा डब्यात हे सांगत होते, तर समोरच्या सीटवरची बाई ऐकत होती. आमची तोंडओळखच, ती बँकेत आहे, दोन स्टेशनं आधी उतरते. म्हणाली, "ताई, त्या अर्जाचा नमुना मला व्हॉट्सॲप कराल का? आमच्याकडच्या पुलाच्या खालच्या बाजूनं गिलावा पडतो हो. खाली भाजीवाल्या बसतात, त्यांनी वर ताडपत्री बांधलीय." मी तिथल्या तिथे पाठवला. तिनं वाचला, आणि विचारलं, "पण हा पाठवायचा कुणाला? रेल्वेला की पालिकेला?"

"दोघांनाही टाका," मी म्हटलं. "वीस रुपये जातील."